किल्ले सगळे सारखेच वाटतात? मग आधी विचारा, पाणी कुठून यायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या शेवटी आठ दिवस राजस्थान. सोबत सत्तरीचे आई-बाबा आणि नऊ वर्षांची लेक. जयपूर, उदयपूर, जोधपूर, जैसलमेर, बिकानेर असं सगळं बसवायचंय. जैसलमेरला किल्ल्याच्या आतच राहायचं मनात आहे. आणि धास्ती एकच, की जाऊन आलेले सगळे म्हणतात, "दोन किल्ले पाहिले की पुढचे सारखेच दिसतात."

शेवटच्या वाक्यापासून सुरू करते, कारण जाऊन आलेले खोटं सांगत नाहीत. गेली २२ वर्षं मी पुण्या-मुंबईचे छोटे गट घेऊन मारवाडात जाते, आणि तिसऱ्या दिवशी गाडीत हमखास कुणीतरी विचारतं, "आज परत शीशमहाल आहे का हो?" दाखवणारे सगळीकडे तेच दाखवतात: तलवारी, पाळणे, आरसे, पालख्या, महाराजांचा पलंग. पहिली दोन-तीन वर्षं मीही तेच करत होते. एकदा तर जोधपुरात एका दिवसात मेहरानगढ, जसवंत थडा, मंडोर आणि उमेद भवन उरकलं. रात्री जेवताना गटातल्या एका आजोबांनी विचारलं, "ते हत्तीवरचे चांदीचे हौदे सकाळी पाहिले की दुपारी?" मला काही बोलता येईना.

त्यानंतर मी गटाला एकच काम देऊ लागले. सह्याद्रीतल्या गडावर पोचलं की आपण आधी पाण्याचं टाकं शोधतो ना? तसंच इथेही शोधायचं. जैसलमेरला वर्षभरात जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लोणावळ्यात जुलैच्या एखाद्या दिवशी तेवढा कोसळतो. मग इतकी माणसं, घोडे, हत्ती, उंट यांना पाणी कुठून मिळायचं? प्रत्येक किल्ल्याचं उत्तर वेगळं आहे, आणि ते सापडलं की तो किल्ला दुसऱ्यासारखा दिसत नाही.

आधी वेळापत्रक. जयपूर आणि उदयपूर काढून टाका. त्या दोन शहरांसाठी पुन्हा या. आठ दिवसांत वाळवंटाची एक फेरी नीट होते: जोधपूर, जैसलमेर, बिकानेर, नागौरवरून परत जोधपूर. जोधपूर ते जैसलमेर साधारण २८५ किलोमीटर, तिथून बिकानेर ३३०, बिकानेरहून जोधपूर २५०. रस्ते चांगले आहेत, पण आई-बाबांच्या पाठीचा विचार करून, परतीचा नागौरचा थांबा सोडला तर, लांब पल्ल्याच्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. मुक्काम जोधपूरला दोन, जैसलमेरला तीन, बिकानेरला दोन. डिसेंबर-जानेवारीत बिकानेरच्या बाजूला पहाटे धुकं असतं, तेव्हा ड्रायव्हर कितीही म्हणाला तरी ऊन वर आल्याशिवाय निघायचं नाही. नाताळ ते १ जानेवारी हा सगळ्यात गर्दीचा आठवडा. लेकीच्या शाळेमुळे तारखा हलत नसतील तर खोल्या आत्ताच धरा.

जोधपूरचा मेहरानगढ. राव जोधांनी १४५९ मध्ये मंडोरहून राजधानी हलवून या खडकावर आणली. आख्यायिका अशी की टेकडीवर झऱ्याकाठी चिडियानाथ नावाचे एक जोगी राहत होते. त्यांना उठवलं, तेव्हा त्यांनी शाप दिला, की तुझ्या गडाला पाणी मिळणार नाही. शापावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण ज्या राज्याच्या स्थापनेच्या गोष्टीतच पाण्याची टंचाई आहे, तिथल्या लोकांना कशाची भीती होती ते कळतं. दुसरी गोष्ट राजाराम मेघवाल यांची. शाप उतरावा म्हणून त्यांना गडाच्या पायात जिवंत पुरलं, असं परंपरा सांगते, आणि गडावर त्यांच्या नावाची शिळा आहे. बहुतेक गट तिच्यासमोरून न थांबता जातात. तुम्ही थांबा.

गडाच्या पायथ्याशी राणीसर आणि पदमसर असे दोन तलाव आहेत. राणीसर राव जोधांच्या राणी जसमादे हाडी यांनी बांधलेला. या तलावांना पाणी मिळावं म्हणून आजूबाजूच्या उघड्या खडकावरून वाहणारा पाऊस चर खणून वळवलेला होता. हे चर पाहायचे असतील तर किल्ल्याला लागूनच राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. सुमारे ७० हेक्टर खडकाळ जमीन. २००६ पासून तिथली बाहेरून आलेली बाभूळ उपटून मारवाडची मूळ झाडंझुडपं लावली. सकाळी दीड तास लेकीला घेऊन जा. आई-बाबांना नको, वाट खडबडीत आहे.

गडावर चढायचं कसं? आई-बाबांसाठी लिफ्ट आहे, तिचं तिकीट वेगळं. लिफ्टने वर जाऊन महाल पाहत पायी उतरत यावं. तुम्ही आणि लेक मात्र जय पोळपासून (पोळ म्हणजे दरवाजा) पायी चढा, कारण अर्धा किल्ला त्या चढातच आहे. जय पोळ महाराजा मानसिंहांनी १८०६ मध्ये बांधली, पलीकडची फतेह पोळ १७०७ ची. एका दरवाजाच्या भिंतीवर जयपूरच्या तोफगोळ्यांचे खड्डे अजून आहेत. त्यांवरून हात फिरवून बघा, एकेक खड्डा परातीएवढा. रस्ता काटकोनात का वळतो हे लेकीला विचारा. हत्तीला धावायला जागा मिळू नये म्हणून. आपल्याकडच्या गोमुखी दरवाजाचं डोकं तेच आहे, फक्त इथे समोर हत्ती धरलेला.

लोहा पोळपाशी भिंतीवर छोटे-छोटे हातांचे ठसे आहेत, शेंदूर आणि वर्ख लावलेले. महाराजा मानसिंह १८४३ मध्ये वारले, तेव्हा सती गेलेल्या त्यांच्या राण्यांचे. लेक विचारणार, "हे कुणाचे हात?" काय सांगायचं ते आदल्या रात्री ठरवून ठेवा. गाइड तिथे फार गोड आवाजात बोलतात. मला ते आवडत नाही.

आतले महाल म्हणजे मोती महाल, फूल महाल, तख्त विलास, झांकी महाल. सगळ्यात जास्त वेळ झांकी महालाला द्या. तिथली दगडी जाळी लांबून नाजूक लेससारखी दिसते, जवळ गेलात की कळतं की दगड चांगला जाड आहे. बाहेरच्या उन्हात डोळे दिपतात आणि जाळीच्या आड उभं राहिलं की उजेड मवाळ होतो, वारा मात्र येत राहतो. आतून चौक स्पष्ट दिसतो, चौकातून आतलं माणूस दिसत नाही. लेकीला एका बाजूला आणि आजीला दुसऱ्या बाजूला उभं करून बघा, एवढ्याने पडद्याची पद्धत समजते. किल्ल्याचं संग्रहालय ट्रस्टकडे आहे आणि मांडणी भारतातल्या चांगल्यांपैकी एक. ऑडिओ गाइड घ्या, गरज नसेल तिथे बंद करा.

जसवंत थडा, म्हणजे महाराजा जसवंतसिंहांचं स्मारक, वाटेत आहे, वीस मिनिटं पुरतात. मकराण्याचा संगमरवर इतका पातळ कापलेला की ऊन आरपार दिसतं. सकाळी जा.

उमेद भवन राजवाड्याबद्दल लोक फार विचारतात. १९२९ ते १९४३ या काळात बांधलेला, ३४७ खोल्यांचा, वास्तुकार हेन्री लँचेस्टर. आज त्यात एक भाग हॉटेल, एक भाग राजघराण्याचं घर, आणि आपल्याला तिकिटावर मिळतं ते छोटं संग्रहालय. एवढ्यासाठी मी अर्धा दिवस घालवत नाही. पण तो का बांधला ते माहीत असू द्या: लागोपाठच्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. आपल्याकडे दुष्काळात पाझर तलाव आणि रस्त्याची कामं निघतात, इथे राजवाडा निघाला. यावरून कौतुक करायचं की कपाळाला हात लावायचा, यावर माझ्या गाडीत दोन-दोन तास वाद झालेत. संध्याकाळी त्यापेक्षा जुन्या शहरातल्या तूरजी का झालरा या बारवेवर बसा. अठराव्या शतकातली आहे, अनेक वर्षं कचऱ्याने आणि घाण पाण्याने भरलेली होती, आता साफ केली आहे. आई-बाबांनी वरच्या कठड्यापाशीच बसावं, पायऱ्यांना आधार नाही.

आता जैसलमेर, आणि तुमचा राहण्याचा प्रश्न. किल्ल्याच्या आत राहू नका.

कारण सांगते. रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये लोद्रवाहून राजधानी इथे, त्रिकूट टेकडीवर आणली. टेकडी आजूबाजूच्या जमिनीपासून सुमारे ७६ मीटर उंच, आणि वर अजूनही काही हजार लोकवस्ती. शेकडो वर्षं पाणी गडीसर तलावातून डोक्यावरून घड्यांनी वर जायचं. जे पाणी बाई स्वतः चढवून आणते ते ती सांडत नाही. अंघोळीचं पाणी जनावराला, उरलेलं जमीन सारवायला. पावसाचं पाणी चारही दिशांना बाहेर काढायला ‘घुट नाळी’ नावाची व्यवस्था होती. मग नळ आले, संडास आले, हॉटेलं आली, पर्यटकाला दिवसातून दोनदा शॉवर हवा. टेकडी म्हणजे वालुकाश्म आणि मातीचे थर. सांडपाणी त्या थरांत मुरत गेलं आणि पाया भिजला. १९९० च्या दशकात बुरूज आणि जुनी घरं ढासळली, आणि १९९६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने हा किल्ला धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातला. त्यानंतर दुरुस्तीची कामं झाली, २०१३ मध्ये राजस्थानच्या इतर पाच डोंगरी किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारसाही झाला. (त्या सहांत मेहरानगढ नाही, हे ऐकून जोधपूरचे रिक्षावाले अजून चिडतात.) पण ओल ही ओल. पाण्याअभावी उभा राहिलेला किल्ला जास्त पाण्याने खचतोय, आणि त्यात आपला शॉवर नको. किल्ल्यासमोर शहरात अनेक गच्चीवाली हॉटेलं आहेत. किल्ला बघायला बाहेरच राहावं लागतं, आत राहिलात तर तो दिसणार कसा?

पाहायला मात्र दोनदा वर जा, दोन वेगवेगळ्या सकाळी. दगडी फरशी पायांनी घासून गुळगुळीत झाली आहे, चपला घसरतात, आई-बाबांना रबरी तळव्याचे बूट घाला. रिक्षा बऱ्याचदा वर दशहरा चौकापर्यंत सोडते, विचारून बघा. पहिल्या सकाळी जैन मंदिरं. बारावे ते सोळावे शतक, पिवळ्या दगडात असं कोरीव काम की मान दुखते. बाहेरच्यांना दर्शन दुपारपर्यंतच असतं आणि चामड्याची वस्तू चालत नाही. पट्टा, पाकीट, पर्स खोलीवर ठेवून या, नाहीतर दारात कुणाला तरी राखण बसावं लागतं. दरवर्षी आमच्यातलं एक बसतंच.

दुसऱ्या सकाळी तटावरून फिरा. ९९ बुरूज आहेत. बाहेरचा तट आणि आतला तट यांच्यामध्ये पहारेकऱ्यांना फिरायला जी बोळवजा जागा आहे तिला तिथे ‘मोरी’ म्हणतात. आपल्या मोरीत भांडी घासतात, त्यांच्या मोरीत पहारा फिरायचा. लेकीला हे सांगितलंत की ती दिवसभर हसेल. तटाच्या कडेवर मोठमोठे गोल दगड आणि दगडी रूळ मांडून ठेवलेले दिसतील. लोकांना ते सजावट वाटतात. वर चढणाऱ्या शत्रूवर ढकलायला ठेवलेले आहेत ते. एका दगडावर तळहात ठेवून हलवायचा प्रयत्न करा, म्हणजे त्या काळच्या तयारीचा अंदाज येतो. राजमहालाच्या आतले जिने मात्र अरुंद आणि उंच पायऱ्यांचे आहेत. तेवढा वेळ आई-बाबांना चौकात चहा घेऊन उन्हात बसू द्या, त्यांचं काही बुडत नाही.

खाली शहरात हवेल्या. पटवांची म्हणजे पाच हवेल्यांचा समूह, पहिली १८०५ ची. मला जास्त आवडते ती नथमलची हवेली, १८८५ ची. दोन भावांनी डावी-उजवी बाजू वाटून घेऊन कोरली. लांबून दोन्ही बाजू सारख्या दिसतात. जवळ जाऊन डावीकडची एक खिडकी आणि उजवीकडची तीच खिडकी ताडून बघा, एकही जुळत नाही. लेकीच्या हातात कागद-पेन्सिल द्या आणि फरक मोजायला सांगा, तुम्हाला अर्धा तास मोकळा मिळेल.

हा सगळा पैसा आला उंटांच्या तांड्यांच्या व्यापारातून, सिंधकडे जाणाऱ्या वाटेवरून. मुंबई बंदर वाढलं तसा तो व्यापार समुद्राकडे वळला आणि १९४७ ला सीमा पडल्यावर वाटच बंद झाली. म्हणजे आपली मुंबई भरली तेव्हा हे गाव रिकामं व्हायला लागलं होतं. संध्याकाळी व्यास छत्रीवरून (छत्री म्हणजे समाधीवरची घुमटी) किल्ल्याकडे बघा. मावळतीच्या उन्हात दगड खरोखर सोन्यासारखा होतो, इथे पोस्टकार्डवाले खोटं बोलत नाहीत. सकाळी गडीसरवर जा, आता डोक्यावर घडे नाहीत, पायडल बोटी आहेत.

जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांबद्दल फार लिहीत नाही. डिसेंबरच्या शेवटी तिथे वाळूपेक्षा जीप आणि डीजे जास्त. लेकीसाठी एक संध्याकाळ जाऊन सूर्यास्त बघून परत या. तंबूत राहण्याचा हट्ट आई-बाबांसोबत नको, रात्री पारा एक आकडी होतो आणि तंबूत तो तसाच आत येतो. दुपारी टी-शर्ट, रात्री कानटोपी अशी ती हवा. नाक आणि ओठ कोरडे पडतात, डबीभर खोबरेल तेल जवळ असू द्या.

बिकानेरला पोचाल तोपर्यंत आई-बाबांचे गुडघे कुरकुरायला लागलेले असतील, म्हणून जुनागढ शेवटी ठेवलाय. हा किल्ला टेकडीवर नाहीच, सपाटीवर आहे. राजा रायसिंह यांच्या काळात १५८९ ते १५९४ मध्ये बांधला. टेकडीचा आधार नाही, म्हणून भोवती खंदक आणि भक्कम तट. आत शिरल्यावर चढ फारसा नाही, महालामागून महाल लागतो. अनूप महालात लाल आणि सोनेरी उस्ता काम (इथल्या उस्ता कारागिरांचं रंगकाम) आहे, भिंतीला कोरी जागाच सोडलेली नाही. आतल्या एका दरबारात पहिल्या महायुद्धातलं विमान ठेवलंय, लेक खूश.

पण मी गटाला थांबवते बादल महालात. खोली लहान आहे. भिंतींवर निळे-पांढरे ढग, एकावर एक गुंडाळलेले, मधून सापासारखी वळवळणारी वीज, आणि खाली निळ्या रेघांनी काढलेला पाऊस. सांगतात की ज्या मुलांनी वर्षानुवर्षं पाऊस पाहिला नव्हता, त्यांना पाऊस असा असतो हे इथे दाखवत. खरं असो वा नसो, चितारी मात्र मन लावून बसला होता. ढगांच्या कडा जवळून बघा, एकही वळण घाईत काढलेलं नाही. आपल्या लेकीला पाऊस म्हणजे शाळेला सुट्टी. तिला इथे पाच मिनिटं गप्प उभं राहू द्या.

त्यानंतर महाराजा गंगासिंहांच्या दालनांत गेलात की पुढचा धागा जुळतो. ते गादीचा कारभार हाती घेतात न घेतात तोच संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ आला. मारवाडात अजून त्याला ‘छप्पनिया अकाल’ म्हणतात. पुढे त्यांनीच सतलजचं पाणी कालव्याने वाळवंटात आणलं, १९२७ मध्ये गंग कालवा सुरू झाला. भिंतीवर पाऊस रंगवणाऱ्या घराण्याने अखेर नदीच आणली. लालगढ राजवाडा वेळ उरला तर बाहेरून बघा. रामपुरियांच्या हवेल्यांच्या गल्लीत मात्र संध्याकाळी चक्कर मारा, आणि जेवायला केर-सांगरी मागवा. दुष्काळातही झाडाझुडपांवर मिळणारी भाजी ती, आता लग्नाच्या ताटात मानाची आहे.

गाइड सगळीकडे सरकारमान्य, ओळखपत्र दाखवणाराच घ्या आणि निघण्याआधी एवढंच सांगा, "दुकानात जायचं नाही, वाटल्यास शंभर जास्त घ्या." हे न सांगितल्याची शिक्षा मी एकदा भोगली आहे. तीन तासांच्या फेरीतला दीड तास गालिच्यांच्या दुकानात गेला, आणि गटातल्या दोन काकूंनी घेतलेल्या रजया परतीच्या प्रवासात माझ्या मांडीवर होत्या.

परतीच्या दिवशी नागौरला तीन तास ठेवा. अहिछत्रगढ किल्ला, फार गर्दी नसते, आतले महाल आणि जुनी पाण्याची योजना नेटाने दुरुस्त केली आहे. विहिरींतून पाणी चरांनी स्नानगृहांपर्यंत आणि कारंज्यांपर्यंत कसं नेलं होतं, ते पायाखाली चालत-चालत बघता येतं. आणखी एक कारण आपलं स्वतःचं आहे. १७५४ मध्ये मराठा सरदार जयाप्पा शिंद्यांनी जोधपूरच्या राजा विजयसिंहाला याच किल्ल्यात कोंडून वेढा घातला होता. वेढा चालू असतानाच १७५५ मध्ये छावणीत दगाफटका करून जयाप्पांना मारलं. जवळच ताऊसर इथे त्यांची छत्री आहे. किल्ल्यातल्या गाइडला ‘जयप्पा सिंधिया’ म्हणून विचारा, वाट सांगेल. तिथे आमचा गट जातो तेव्हा बहुधा दुसरं कुणी नसतं. नागौरहून जोधपूर साधारण अडीच तास, त्यामुळे परतीची गाडी रात्रीची काढा, दुपारची नको.